मधाचं बोट

रविवार, सकाळचे साडेनऊ. विनिपेगमध्ये
उणे एकतीस. सिनेगॉगच्या तळघरात
हीटर खोकत खोकत उठतो,
आणि मी प्रोजेक्टरची वायर शोधते
जी मागच्या आठवड्यात नक्की इथेच ठेवली होती.

पाच मुलं समोर, त्यांच्या बुटांतल्या बर्फाची
फरशीवर तळी झालेली.
चार मुलं भिंतीवर, चौकटींत:
ब्रँडनची शिफ्रा, थंडर बेच्या जुळ्या बहिणी,
आणि फ्लिन फ्लॉनचा झीव, सहा वर्षांचा,
खाणीच्या गावातलं एकुलतं एक ज्यू घर.
त्याच्या चौकटीत बहुतेक वेळा नुसतं कपाळ दिसतं.
मंडळाच्या अहवालात याला मिश्र अध्यापन म्हणतात.
म्हणजे अर्ध्यांना बूट काढायला सांगायचं,
अर्ध्यांना आवाज चालू करायला.

स्लाइड करायला मी छपन्नाव्या वर्षी शिकले,
भाचीकडून, एका रात्रीत, दोनदा रडून.
पहिल्यांदा चिकटवलेली प्रार्थना
उलटी वाहत गेली,
शब्दाच्या शेवटी बसणारा मिटलेला मेम
दारातच येऊन उभा राहिला.
अ‍ॅपला वाटतं, पुढे म्हणजे उजवीकडे.
आम्ही तीन हजार वर्षं डावीकडे पुढे जातोय.
कुठला बाण दाबायचा, हे मला अजून
दर वेळी क्षणभर आठवावं लागतं.

खजिनदार लिपकिन म्हणाले होते,
"हे सगळं मधाचं बोट आहे, त्सिपोरा.
चित्रं हलली की मुलं बसतील.
हलायची थांबली, की ग्रंथ कोण उघडणार?"
मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.
मी हिशेबाच्या कागदावर सही केली.

वडील शिकवायचे तेव्हा हातात चांदीची काडी असे,
टोकाला नखाएवढी मूठ, एक बोट पुढे काढलेलं,
चर्मपत्राला माणसाचा स्पर्श होऊ नये म्हणून.
तिला याद म्हणतात. हिब्रूत याद म्हणजे हात.
दुसऱ्या भाषांचं मला माहीत नाही.
आता पडद्यावर एखाद्या अक्षरावर बाण नेला
की बाणाचा हात होतो, लहान, पांढरा,
एक बोट पुढे काढलेलं.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
मी माऊस सोडून उभीच राहिले.

आज पहिलं अक्षर. अलेफ.
भिंतीभर, काळंभोर, आणि प्रत्येकाच्या टॅब्लेटवर
बोटाने गिरवायला तेच, तुटक रेघांचं.
याला स्वतःचा आवाज नाही, मी सांगते,
तोंड उघडतं आणि थांबतं.
"म्यूट आहे," जुळ्यांपैकी एक म्हणते. बरोबर.

आणि मग जुनी रीत:
पहिल्या दिवशी पाटीवरच्या अक्षराला मध लावायचा,
मुलाने तो चाटायचा.
शिकणं गोड असतं हे आधी जिभेला कळू दे,
डोक्याला सावकाश कळेल.
समोरच्यांना मी पाट्या दिल्या.
दूरच्यांच्या आयांना लिहिलं होतं,
बशीत मधाने अलेफ काढून ठेवा.

पाट्या चाटूनपुसून लख्ख झाल्या.
शिफ्राने बशी उचलून दाखवली.
आणि झीवची चौकट एकदम भरून गेली,
कपाळ नाही, डोळे नाहीत,
गुलाबी, प्रचंड, जवळ येणारी जीभ.
बशीबिशी काही नाही.
त्याने मध थेट माझ्या अलेफवर ओतला होता.

वर्ग इतका हसला
की आवाज बंद करायचं मी विसरले.
आम्ही बेतवर गेलो. तो गेला नाही.
बोट फिरतं, पान सरकत नाही.

संध्याकाळी त्याच्या आईचा निरोप:
ओल्या फडक्याने दोनदा पुसलं,
तरी अलेफ हलत नाही.
तो म्हणतो, पुसू नको, अजून थोडं उरलंय.

लिपकिनना हे सांगावं का,
याचा मी विचार करते आहे.
पुढच्या रविवारी गिमेल.
आयांना बशीचं पुन्हा, मोठ्या अक्षरांत, लिहायला हवं.
किंवा राहू दे.